जवारी, वाकळ, कोल्हापुरी : मेकरस्पेसमध्ये यांना तासिका कधी मिळणार?

तुंबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय मांडतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

एका शाळेच्या टिंकरिंग लॅबमध्ये, म्हणजे मुलांच्या मेकरस्पेसमध्ये (हत्यारं-यंत्रं वापरून स्वतः वस्तू घडवायची जागा), मी शनिवारी मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला जातो. अटल योजनेतून २०१६ पासून देशभर अशा लॅब उभ्या राहिल्या. शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि त्यातून थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), सेन्सर, सोल्डरिंगचं सामान येतं. मुलं जीव ओतून काम करतात. यंदाच्या नियोजनाच्या बैठकीत मी सुचवलं की मिरजेहून तंबोरे बनवणाऱ्या एखाद्या कारागिराला बोलवूया. कल्पना सगळ्यांना आवडली आणि ठरलं काय, तर स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्यांना एक स्टॉल द्यायचा. रोबोटिक्सला वर्षभर तासिका आणि तंबोऱ्याला एका संध्याकाळचा स्टॉल! हे मला पटलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हातानं वस्तू घडवणारा माणूस लॅबमध्ये शिक्षक म्हणून यावा. वेळापत्रकात त्याची तासिका असावी, त्याला मानधन मिळावं, आणि मुलं सर्किटबद्दल जे प्रश्न विचारतात तेच त्याच्या कामाबद्दल विचारावेत. हे असंच का केलं? बदललं तर काय होईल? बिघडलं तर आधी कुठे बघायचं?

मिरजेचंच उदाहरण घेतो, ते काम मी जवळून पाहिलंय. तिथली तंतुवाद्यं साधारण १८५० च्या आसपासची. शिकलगार मंडळी मूळची शस्त्रं घडवणारी, धार लावणारी. तलवारींची मागणी आटली तेव्हा पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं फरीदसाहेब आणि त्यांच्या घरातले लोक वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि पुढे स्वतःच सतारी-तंबोरे घडवू लागले. नंतर अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायला आले, गवयांची ये-जा वाढली, आणि वाद्यात काय खटकतंय ते थेट बनवणाऱ्याच्या कानावर पडू लागलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. तो वाळवायचा, भिजवायचा, कापायचा, तोंड आक्रसू नये म्हणून आतून लाकडी आधार द्यायचे. हे सगळं झालं, दांडी बसली, तारा चढल्या, तरी तंबोरा बोलत नाही. जवारी लागेपर्यंत (म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा उतार जमेपर्यंत) तारेतून कोरडा, ठणठणीत आवाज येतो. घोडीचा वरचा भाग नुसत्या डोळ्यांना सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस. खर्जाच्या तारेखालचा उतार वेगळा, जोडीच्या तारांचा वेगळा. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. तो नेमक्या जागी आला की आवाज उमलतो, मूळ स्वराच्या वरचे स्वर स्वच्छ ऐकू येऊ लागतात. दोरा किंचित पुढे गेला की पुन्हा मिटतो.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर शोधनिबंध लिहिला होता. तार जिथे छेडली, तिथे ज्या कंपनाचा निस्पंद (न हलणारा) बिंदू येतो ते कंपन उमटू नये, असं तारांचा नेहमीचा नियम सांगतो. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र तीही कंपनं उमटतात, आणि त्याचं कारण ही रुंद, वक्र घोडी आहे, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे भौतिकशास्त्रानं दखल घेण्याच्या कितीतरी आधी हे काम कानसेनं आणि कानानं पक्कं झालेलं होतं. आठवी-नववीच्या मुलाला फीडबॅक म्हणजे काय ते शिकवायला याहून चांगला धडा मला सुचत नाही.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग मोबाईलवर ॲप आलं. मीही रियाजाला ॲप वापरतो. पण घोडी घासणारे हात कमी होत चाललेत, आणि आपण त्यांना स्टॉल देतोय.

तुमच्याकडे काय चित्र आहे? शाळेत, कॉलेजात, परदेशातल्या मेकरस्पेसमध्ये? विरोधी मतंही हवी आहेत.

पेठेतला_पाना

धागा काढल्याबद्दल धन्यवाद. जवारीचं वर्णन वाचून घरचा तंबोरा बाहेर काढला.

पण विरोधी मत मागितलंय म्हणून लिहितो. मेकर चळवळीचा जीव आहे तो 'कोणीही करू शकतं' यात. आराखडा उतरवून घ्या, भाग छापा, जोडा, बिघडलं तर आराखडा सुधारून परत टाका. त्यात गुरू लागत नाही, घराणं लागत नाही. हस्तकलेचं बरोबर उलट. तिथे पाच-दहा वर्षं हात बसावा लागतो आणि बरंचसं ज्ञान घरातल्या घरात राहतं. दोन्ही मोलाचंच, पण एका छताखाली आणलं तर मुलांना धड हे येणार नाही आणि धड तेही. शाळेकडे तास मोजकेच असतात. मग त्यात कोडिंग कमी करायचं का?

धावदोरा

तुंबा, लेख आवडला. मिरजेच्या कारागिराला निदान गवई मान देतात. ज्याला कोणी कामच म्हणत नाही त्याबद्दल मला लिहायचंय.

मी चिप डिझाइनमध्ये आहे, बोस्टनजवळ राहते. मी जिथे जाते त्या मेकरस्पेसमध्ये लेझर कटरसाठी नाव नोंदवून थांबावं लागतं आणि शिलाईचं टेबल हे मुलांना रमवायला ठेवल्यासारखं कोपऱ्यात असतं. सुई-दोऱ्याला तंत्र मानायची कोणाचीच तयारी नसते.

आमच्याकडे साताऱ्याला गोधडीला वाकळ म्हणतात. आई वाकळ घालायला घेते तेव्हा काय काय होतं बघा. जुनी लुगडी, धोतरं उसवून, धुऊन कडक उन्हात वाळवायची. सगळ्यात मऊ कापड अंगाला लागेल असं, विरलेलं मधल्या थरांत, खालचा थर दणकट. अंगणात अंथरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं आणि कापड ताणून घ्यायचं. मग सगळ्या अंगावर लांब लांब कच्चे टाके. इथे कंटाळा केला तर शिवता शिवता थर एकमेकांवरून सरकतात, मध्ये फुगवटा येतो आणि तो मग उसवल्याशिवाय जात नाही. त्यानंतर कडेपासून धावदोरा, ओळीला समांतर ओळ, चौकोनात आत आत येत. ओळी फार दाट पडल्या तर वाकळ ताठ होते आणि थरांत हवा न उरल्यानं ऊब कमी होते. विरळ पडल्या तर धुताना आतलं कापड गोळा होतं. बाळाचं दुपटं असेल तर थर कमी आणि दोऱ्याची गाठ आत दडवायची, नाहीतर बाळाला टोचते. शेतावर राखणीला जाणाऱ्यासाठी थर जास्त, टाका मोठा. वापरणारा कोण आहे ते आधी विचारल्याशिवाय ती सुई ओवत नाही. कॉलेजात मला 'डिझाइन' नावाच्या विषयात हे कोणी इतकं नीट शिकवलं नाही.

आता माझ्या घरापासून जवळच असलेल्या वॉल्थमची गोष्ट. ॲपोलो यानांमधल्या संगणकाची कायमची मेमरी तिथे रेथिऑनच्या कारखान्यात बायकांनी हातानं ओवली होती. तांब्याची तार चुंबकीय कड्यातून ओवली की १, कड्याबाहेरून नेली की ०. प्रोग्राममध्ये नंतर चूक सापडली तर ओवलेलं पुन्हा ओवायचं, दुसरा इलाज नाही. कापडगिरणीत आणि घड्याळांच्या कारखान्यात हात तयार झालेल्या बायका या कामावर होत्या. चंद्रावर माणूस गेला तो त्यांच्या ओवणकामाच्या भरवशावर.

लिया ब्युकली यांनी २००७ च्या सुमारास लिलीपॅड हा आर्डुइनोचा प्रकार आणला. तो सोल्डर न करता वीजवाहक दोऱ्यानं कापडावर शिवायचा. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे संच कोण विकत घेतं आणि त्यातून कोण काय बनवतं ते तपासलं, तेव्हा लिलीपॅडवाल्यांत बायकांचं प्रमाण साध्या आर्डुइनोपेक्षा खूपच जास्त निघालं. बोर्डावरची चिप तीच. शिवता येतंय म्हटल्यावर माणसं पुढे आली.

पेठेतला_पाना, म्हणूनच सांगते, कोडिंग कमी करू नका. लिलीपॅड शिवायला द्या. धावदोऱ्याच्या दोन ओळी कुठे टेकल्या की शॉर्ट सर्किट होतं. टाका नीट का घालायचा हे मुलांना एका तासात कळतं.

सुगरण

वाचतेय. धावदोरा, खूप छान लिहिलंय. आमच्याकडे जालन्याला वाकळ नाही, गोधडीच.

वादी

आमच्या घरात चपला व्हायच्या. आजोबा आणि त्यांचे भाऊ कातडं कमवण्यापासून सगळं करायचे. म्हणून थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

आधी काम सांगतो. कातडं चुन्याच्या कुंडात भिजवून केस काढायचे. मग बाभळीची साल आणि हिरडा. कातड्याची पिशवी शिवून त्यात साल-हिरड्याचा चुरा आणि पाणी भरून टांगायची. झिरपलेलं पाणी खाली धरायचं, परत वरून ओतायचं. हे बरेच दिवस चालायचं. कातडं तयार झालं का बघायला आजोबा कड कापायचे. कापलेल्या जागी मधोमध फिकट रेघ दिसली की 'अजून कच्चं आहे' म्हणून परत टांगायचे. पुढे रापीनं तळ कापायचा, आरीनं भोकं पाडायची, चामड्याच्याच वादीनं शिवायचं. पट्टा, कान, अंगठा, वर वेणी. खिळा कुठेच नाही. तळ झिजला तर उसवून नवा घालता येतो. आज दुरुस्त करता येणारी वस्तू म्हणून जगभर चर्चा चालते, ती आमच्याकडे पायात होती.

आता दुसरी बाजू. हे काम गावाबाहेर व्हायचं. गावाला चप्पल हवी होती, कुंडाचा वास नको होता, आणि आम्ही तर त्याहून नको होतो. धाग्यात कारागीर, परंपरा, कौशल्य हे शब्द आले. जात अजून आली नव्हती, म्हणून मी आणतोय. शहरातल्या मुलानं शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत चामडं शिवलं तर तो हौशी कलाकार ठरतो. त्याचं कौतुक व्हावं, माझी ना नाही. पण माझ्या आजोबांनी तेच जन्मभर केलं तर त्यांना गावात पाणी वरून वाढायचे. वडिलांनी काम सोडलं आणि मला डिप्लोमाला घातलं तेव्हा घरात कुणाला वाईट वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. परंपरा टिकवा हे सांगायचा अधिकार बाहेरच्यांना नाही. आमच्यातल्या ज्याला टिकवायचीय त्याला नीट पैसे मिळतील आणि मान खाली घालावी लागणार नाही, एवढं बघा.

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. सुरुवातीला कोल्हापूरचा किंवा भारताचा उल्लेखही नव्हता. इथून ओरड झाली तेव्हा प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं कंपनीनं मान्य केलं. कोल्हापुरीला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून ८ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकन नावाचं रक्षण करतं. चप्पल कशी दिसते, कशी शिवतात, याचं नाही. नाव न लावता कुणीही तशी चप्पल काढू शकतो. त्यात २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे तळाचं चामडं मिळणं अवघड आणि महाग झालं. बाजारात चिकटवलेली, रेक्झिनची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून लटकलेली असते, आणि गिऱ्हाईक हाताच्या चपलेची किंमत तिच्याशी ताडून बघतं.

तुंबा, तुमच्या शाळेत कारागीर बोलवाल तेव्हा त्याला आधी विचारा : यायचंय का, काय शिकवायचंय, काय शिकवायचं नाही. आणि त्याचं आडनाव ऐकून मुलं, किंवा मुलांचे आईबाप, काही बोलले तर शाळा काय करणार, ते त्याला बोलवायच्या आधी ठरवा.

पेठेतला_पाना

वादी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी 'ज्ञान घरातच राहतं' असं सहज लिहिलं. ज्यांना घराबाहेर काही मिळालंच नाही त्यांच्याकडे घराबाहेर न देण्याची कारणं असणारच, याचा विचार त्या वाक्यात नव्हता.

तरी एक प्रश्न उरतोच. काम लिहून, मोजून ठेवलं नाही तर ते त्या माणसाबरोबर जातं. मी यंत्रं दुरुस्त करतो, मापाशिवाय मला चैन पडत नाही. जवारी लावण्याआधी आणि नंतर तारेचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचे आलेख काढले, घोडीचा उतार डायल गेजनं (बारीक फरक मोजणाऱ्या उपकरणानं) मोजला, तर कानस कुठे आणि किती फिरली ते मुलांनाही दिसेल. यानं कारागिराचं काही जात नाही ना? की जातं?

वादी

मोजायला हरकत नाही. त्यानं 'हो' म्हटल्यावर मोजा, आणि मोजलेलं आधी त्याला द्या. चित्रफीत टाकली तर वर त्याचं नाव हवं, संपर्क हवा, आणि त्यातून पैसे आले तर त्याचा वाटा. आमच्याकडे बाहेरचे लोक येतात, दिवसभर शूट करतात, चहा पितात आणि जातात. नंतर त्याच चित्रफितीवर कुणीतरी तिसराच कार्यशाळा घेतो. कारागिराची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.

बोरधरण

वर्ध्याहून थोडी भर.

पेठेतला_पाना यांनी मेकर चळवळ आणि हस्तकला वेगवेगळ्या वाटांना लावल्यात, पण आपल्याकडे त्या एकत्र चाललेल्या आहेत. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं चांगल्या चरख्याच्या रचनेसाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळातले १ लाख! अटी मुळातून वाचाव्यात अशा आहेत. चरखा हलका आणि उचलून नेण्याजोगा हवा, झोपडीत हातानं किंवा पायानं चालवता यावा. बाईला त्यावर सलग ८ तास फार न दमता काम करता यावं आणि तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं १६ हजार फूट सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या आत. नीट देखभाल केली तर २० वर्षं टिकावा, आणि त्या देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

या अटींत वापरणारी बाई आहे, तिचं घर आहे, तिचा थकवा आहे, दुरुस्तीचा खर्चसुद्धा आहे. आज कुठल्याही हॅकेथॉनच्या पत्रकात एवढा विचार मला दिसलेला नाही. बक्षीस शेवटपर्यंत कोणालाच मिळालं नाही. पण सुधारणा थांबली नाही. घडी करून पेटीत मावणारा येरवडा चरखा त्याच काळातला, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात त्यावर खटपट करत होते. पुढे १९५० च्या दशकात तमिळनाडूतल्या एकंबरनाथांचा अंबर चरखा आला. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे वेगवेगळे प्रकार जवळजवळ ठेवलेले आहेत. ते संग्रहालय १९३८ सालचं. कधी आलात तर चात्यांची (सूत कातायच्या फिरत्या दांड्यांची) रचना कशी बदलत गेली ते नीट बघा, तासभर सहज जातो.

सांगायचं काय, तर हस्तकला म्हणजे पूर्वी होतं तसंच ठेवायचं, असं ती करणाऱ्यांनी कधी मानलेलं नाही. ज्याच्या हातात काम आहे तो सुधारणा शोधतच असतो.

खडकी_फाटा

बोरधरण यांना दुजोरा. पाबळचं नाव अजून कसं आलं नाही?

डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं तिथे राहून वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वायरिंग, शेती, पशुपालन शिकतात. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्यानं तिथे फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची प्रयोगशाळा) झाली. अमेरिकेबाहेरची ती पहिली मानली जाते. म्हणजे फॅब लॅब भारतात आली ती थेट माळरानावरच्या गावात, जिथे आधीपासून लोखंड तापत होतं आणि रंधा चालत होता.

मला त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मुलं गावातली खरी कामं घेतात आणि त्याचे पैसे घेतात. फाटक करून द्यायचं तर ते उघडलं पाहिजे, बंद झालं पाहिजे आणि गिऱ्हाइकानं पैसे दिले पाहिजेत. आमच्या शहरी लॅबमध्ये प्रकल्प प्रदर्शनापुरता चालतो आणि दुसऱ्या दिवशी सुटा होऊन डब्यात जातो. कारागिराचा गुण नेमका इथे आहे. त्याची वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी जाते आणि बिघडली तर परत त्याच्याच दारात येते. मुलांना ही जबाबदारी कळायला हवी.

चिंचोका

घोंगडीबद्दल थोडक्यात. खड्ड्याच्या मागावर सणगर विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. पण आता अडचण मागाच्या आधीच सुरू होते. लोकरीला इतका कमी भाव आहे की मेंढ्या कातरायचा खर्चही निघत नाही, आणि पुष्कळ धनगर लोकर टाकून देतात. शाळेच्या लॅबला कच्चा माल हवा असेल तर लोकर घ्या, योग्य भाव द्या. चातीवर सूत काढायला शिकवणारी म्हातारी माणसं अजून आहेत. पीळ उलटा दिला तर काय होतं, कमी दिला तर काय होतं, हे मुलांना हातात कळेल.

तुंबा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. वादी, तुम्ही लिहिलंत म्हणून धागा कामाचा झाला.

इथली चर्चा घेऊन मी मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांचा पहिला प्रश्न 'हे बसवायचं कशात?' हा होता. त्याला उत्तर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय, आणि त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकायचं आहे. कागदावर सोय झालेली आहे, शाळांनी ती वापरायची आहे.

पैशांचं असं सुचवलंय की रोबोटिक्सच्या बाहेरच्या तज्ज्ञाला तासाला जो दर, तोच कारागिराला. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी वेगळी. घासाघीस होईल, पण दर समान या मुद्द्यावर मी हटणार नाही. सरकारी योजनांवर भिस्त ठेवून चालत नाही. पीएम विश्वकर्मामध्ये १८ व्यवसाय आहेत, त्यात सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी येतात आणि अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. ज्यांना लागू आहे त्यांनी जरूर घ्यावेत. तंतुवाद्य बनवणारा मात्र त्या यादीत वेगळा नाही, आणि गोधडी शिवणारी बाईही नाही.

वादींचे मुद्दे मी अर्जात जसेच्या तसे घातलेत : काय शिकवायचं ते कारागीर ठरवणार, चित्रीकरण त्याच्या परवानगीनं आणि त्याच्या नावानं, आणि जातीवरून कुणी काही बोललं तर शाळा लगेच कारवाई करणार. शेवटच्या मुद्द्यावर बैठकीत थोडी शांतता झाली. 'आपल्या शाळेत असं होत नाही' असं एक जण म्हणाले. मी म्हटलं, मग लिहायला काहीच हरकत नसावी. लिहिलं गेलं.

पेठेतला_पाना, डायल गेज घेऊन याल का? मिरजेचे कारागीर मोजमापाला तयार आहेत. त्यांनाच उत्सुकता आहे. त्यांची अट एवढीच, की घोडी घासताना मध्ये कोणी बोलायचं नाही.

पेठेतला_पाना

येतो. गेज आणि चांगला माइक दोन्ही आणतो. आवाजाचे आलेख काढायला मोफत सॉफ्टवेअर आहे, मुलांना तेच शिकवू. प्रत्येक वेळी कानस फिरवल्यावर एकदा मुद्रण, तार तीच, छेडायची जागा तीच ठेवायची. जागा बदलली तर तुलना होणार नाही, म्हणून दांडीवर खडूची खूण करू.

वादी

माझा चुलतभाऊ अजून चपला शिवतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, कातडं कमवण्याचं दाखवणार नाही, वेणी आणि वादीची शिवण शिकवीन. दर मान्य आहे. आरी-रापी मुलांना एकट्यानं वापरायला देणार नाही, सोबत मोठं माणूस हवं.

सुगरण

धावदोरा, आमच्या इथल्या शाळेत शिवलेल्या सर्किटची गोधडी करून बघायची म्हणते. आजीची नऊवारी लुगडी पेटीत आहेत, विरलेली आहेत. चालतील का? आणि धुवायची कशी?

धावदोरा

सुती असतील तर उत्तम. बोटांनी हलकं ताणून बघा, फाटलं तर ते कापड मधल्या थरात. कोमट पाण्यात रात्रभर भिजवा म्हणजे खळ निघेल, आणि सावलीत न वाळवता उन्हातच वाळवा. सर्किटचा थर सगळ्यात वर घ्या, खालच्या थरांना कच्चे टाके आधीच घालून ठेवा. वीजवाहक दोरा साध्या दोऱ्यापेक्षा सुटा होतो, त्याची गाठ उसवते. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब लावा. बॅटरीचा कप्पा टिचबटणाचा करा, म्हणजे धुवायच्या आधी काढता येईल. बाकीचं आईला विचारून लिहिते, ती आता झोपली असेल.